दगडाखालचं चॉकलेट

पुण्यात कोथरूडमधल्या या दोन खोल्यांत कोकोच्या बियांपासून चॉकलेट बनतं. केरळातल्या इडुक्कीच्या कोकोची गोणी उघडली की आधी आंबूस वास येतो. चॉकलेटचा वास अजून यायचाय. मळ्यावर या बिया त्यांच्या पांढऱ्या गरासकट पाच-सहा दिवस आंबवल्या, मग उन्हात वाळवल्या. चवीचा पाया तिथंच पडला.

चपट्या, बुरशी लागलेल्या बिया हातानं निवडून बाजूला केल्या जातात. मग भाजणी, साधारण 120 अंशांवर. टरफल सुटलं की पाखडणं. सुपाऐवजी हवेचा झोत.

आता हे ग्राइंडर बघा. ग्रॅनाइटच्या चाकांखाली कोकोचे तुकडे पडतायत. पाण्याचा थेंबही घातलेला नाही, तरी त्यांचा पातळ लगदा होतो, कारण त्यांच्यात निम्म्याहून जास्त कोको बटर, म्हणजे कोकोचं स्वतःचं फॅटच असतं. इडलीचं पीठ वाटणारी आपली ही यंत्रं, थोडा फेरफार करून, परदेशातले छोटे चॉकलेट कारागीरही वापरतात. कण 20 मायक्रॉनच्या आसपास आला की जिभेला रवाळ लागत नाही. तोवर दगड फिरत राहतो, दोन दिवस, कधी तीन. आंबटपणा हळूहळू उडून जातो. 1879 मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट असं तासन्‌तास घोटायचं यंत्र काढलं, तेव्हापासून ते तोंडात विरघळायला लागलं.

मॉलमधलं हे सोनेरी कागदातलं चॉकलेटही घोटलेलंच असतं. पण चव दरवर्षी, दर शहरात तीच हवी, म्हणून ठिकठिकाणच्या बिया एकत्र केल्या जातात. कुठल्या मातीची चव, ते त्यात पुसलं जातं. आणि दिवाळीला पुण्यात ‘होममेड’ म्हणून मिळणारी कितीतरी चॉकलेटं म्हणजे तयार कंपाउंडची लादी वितळवून साच्यात ओतलेली. त्यात कोको बटरच्या जागी दुसरंच वनस्पतिजन्य फॅट असतं.

शेवटी टेंपरिंग. 45 अंशांपर्यंत तापवायचं, 28 पर्यंत निववायचं, पुन्हा 31 वर आणायचं. कोको बटरचे स्फटिक नीट जमले तरच ही चकाकी, आणि मोडताना हा आवाज. एप्रिल-मेमध्ये खोलीतला एसी बंद करून चालत नाही.

इथली चॉकलेटची वडी महाग पडते. नीट आंबवलेल्या बियांना दरही चढा द्यावा लागतो. घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचा. इथं दोनच नावं आहेत, कोको आणि साखर. हायड्रोजनेटेड फॅट लिहिलेलं दिसलं, तर पैसे कशाचे देताय ते विचारा.