छोट्या होडीवरचा फिशफाइंडर : बसवणे आणि वाचणे

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवलेली ही होडी फायबरची असून तिच्या मागच्या पाटीवर एकच आउटबोर्ड इंजिन बसते. या होडीवर आज फिशफाइंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र, बसवायचे आहे. खोक्यातून निघालेल्या वस्तू मोजक्याच आहेत : तळहाताहून थोडा मोठा पडदा, तो धरून ठेवणारा कंस, वीजपुरवठ्याची वायर आणि काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणातला, लांबलचक वायर असलेला एक ठोकळा. या ठोकळ्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. दुकानात सगळ्यांचे लक्ष पडद्याकडे जाते आणि किंमतही बऱ्याच अंशी पडद्याच्या आकारावर ठरते. यंत्र नीट चालणार की नाही, हे मात्र हा ठोकळा होडीला कुठे आणि कसा बसतो यावर ठरते. म्हणून या माहितीपटातही पडदा सुरू व्हायला थोडा वेळ लागणार आहे.

ठोकळ्याच्या आत विशिष्ट प्रकारच्या सिरॅमिकची चकती असते. तिला विजेचा क्षणिक झटका दिला की ती कंप पावते आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडते. तोच ध्वनी एखाद्या वस्तूवर आपटून परत आला की चकती पुन्हा कंप पावते आणि त्या कंपनाची वीज होते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. त्यामुळे ३० मीटर खोल तळापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचे केवळ ४ शतांश लागतात. यंत्र प्रत्यक्षात मोजते ते एवढेच : प्रतिध्वनी किती वेळाने आला आणि किती जोराचा आला. बाकी सारे, म्हणजे खोली, तळाचा प्रकार आणि मासा, हे त्या दोन आकड्यांवरून काढलेले अनुमान असते.

ही कल्पना मुळात युद्धातली. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झच्या साहाय्याने पाण्यात असा ध्वनी सोडून दाखवला. १९३५ मध्ये नॉर्वेचे ऑस्कर सुंद यांनी कॉड माशांच्या थव्यांच्या प्रतिध्वनींची नोंद प्रसिद्ध केली, आणि १९४८ मध्ये जपानमधल्या फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना विकत घेता येईल असे व्यवहारात चालणारे यंत्र बाजारात आणले. आज होडीवर बसणाऱ्या यंत्राचे तत्त्व तेच आहे. बदलला तो त्याचा आकार, त्याची किंमत आणि आलेल्या प्रतिध्वनीवर होणारी प्रक्रिया.

बसवण्याच्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवा. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथून ध्वनी जवळजवळ पूर्णपणे परत फिरतो. अनेक माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते आणि फिशफाइंडरला मासा दिसतो तो मुख्यतः या पिशवीमुळे. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्याहून फारसे वेगळे नसते. घोळीच्या ज्या पिशवीला बाजारात मोठी किंमत येते, तीच तिला पडद्यावरही ठळक करते. उलट बोंबील, सुरमई आणि मुशी यांना ही पिशवी नसते, त्यामुळे त्यांचा प्रतिध्वनी त्यांच्या आकाराच्या मानाने फिका येतो, आणि हे ठाऊक नसलेला माणूस चांगल्या जागेवरून रिकाम्या हाताने पुढे निघून जातो. आता हीच हवा बुडबुड्यांच्या रूपाने ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखाली आली, तर ध्वनी तिथूनच परत फिरतो आणि पडद्यावर काही उरत नाही. ज्या कारणाने मासा दिसतो त्याच कारणाने यंत्र आंधळे होते, आणि बसवण्याचे पुढचे सारे नियम यातूनच निघतात.

छोट्या होडीसाठी रूढ पद्धत म्हणजे ट्रान्सड्यूसर मागच्या पाटीला बाहेरून, तळाजवळ कंसाने बसवणे. जागा निवडताना होडी पाण्यात चालवून पाटीमागून सुटणारे पाणी आधी नीट पाहावे, असे आमचे मत आहे. जिथे पाणी काचेसारखे सलग सुटते ती जागा योग्य; जिथे फेस दिसतो ती टाळायची. तळावरच्या उभारलेल्या पट्ट्या, स्क्रूची डोकी आणि पाणी आत घेणारी तोंडे यांच्या मागे नेहमी बुडबुड्यांची रेघ तयार होते. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांचा पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे उजव्या बाजूला त्याची पाती खाली जातात आणि त्या बाजूचे पाणी तुलनेने शांत राहते. म्हणून ट्रान्सड्यूसर उजवीकडे आणि पंख्यापासून शक्य तितक्या अंतरावर बसवतात. ठोकळ्याचे तोंड तळाच्या रेषेच्या काही मिलिमीटर खाली आणि पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर हवे. ते फार वर राहिले तर होडीने वेग घेताच हवेत येते, आणि फार खाली गेले तर स्वतःच फेस उडवते.

पाटीला भोक पाडताना घाई करू नये. फायबरच्या वरच्या चकचकीत थराला तडा जाऊ नये म्हणून जागेवर आधी चिकटपट्टी लावायची, बारीक पात्याने सुरुवात करायची आणि भोकाचे तोंड किंचित रुंद करून घ्यायचे. स्क्रू बसवण्यापूर्वी भोकात आणि स्क्रूच्या आट्यांवर सागरी सीलंट भरावा लागतो, कारण अनेक होड्यांच्या पाटीत आतून प्लायवूड असते आणि एकदा पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते. वारंवार भोके पाडावी लागू नयेत म्हणून काही जण पाटीला आधी जाड प्लॅस्टिकची फळी कायमची बसवून पुढचे स्क्रू त्या फळीतच घेतात. ही युक्ती चांगली आहे.

दांडीसारख्या किनाऱ्यावर मात्र ही रूढ पद्धत अडचणीची ठरते. इथे होडी धक्क्याला लागत नाही, ती वाळूतून वर ओढली जाते, आणि तळाखाली डोकावणारा ठोकळा अशा ओढण्यात फार दिवस टिकत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला, ट्रान्सड्यूसर एका नळीच्या टोकाला बांधून ती नळी होडीच्या कडेला असलेल्या कंसात अशी बसवायची, की पाण्यात गेल्यावर खाली सोडता येईल आणि किनाऱ्याला लागण्यापूर्वी वर उचलता येईल. होडी वेगात असताना ही रचना उपयोगी पडत नाही, परंतु जाळे टाकण्याच्या जागेवर हळू फिरताना ती चांगले काम देते, आणि नादुरुस्त झाली तर भर समुद्रातही हाताशी असते. दुसरा उपाय म्हणजे ट्रान्सड्यूसर होडीच्या आत, तळाच्या फायबरला एपॉक्सीने चिकटवणे, म्हणजे ध्वनी तळातूनच आरपार जातो.

या दुसऱ्या उपायात फसगत होण्याची शक्यता अधिक असते. तळ एकसंध फायबरचा असेल तरच ध्वनी पार होतो. मधल्या थरात फोम असेल, किंवा होडी मुळात लाकडाची असून तिच्यावर फायबरचे नुसते आवरण चढवले असेल, तर फोमातली हवा आणि लाकडाचे तंतू ध्वनी गिळून टाकतात. म्हणून चिकटवण्याआधी चाचणी घ्यावी. होडी पाण्यात असताना ट्रान्सड्यूसर आधी बाहेर समुद्रात धरून पडद्यावरची खोली आणि तळाची रेघ पाहायची. नंतर पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो ठेवून पिशवी आतून तळाला दाबून धरायची आणि दोन्ही चित्रांची तुलना करायची. थोडा फिकेपणा चालतो. रेघच नाहीशी झाली तर जागा बदलायची किंवा हा मार्ग सोडायचा. एपॉक्सी ओततानाही तिच्यात बुडबुडे राहू द्यायचे नाहीत, म्हणून ती हळू ढवळतात आणि ठोकळा गोल फिरवत खाली दाबतात. आत बसवलेल्या ट्रान्सड्यूसरचा तापमापक समुद्राचे तापमान दाखवत नाही, होडीच्या तळाचे दाखवतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

विजेचे काम तुलनेने सोपे आहे. यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि त्याच्या लाल तारेत, बॅटरीच्या जवळ, माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज असावाच लागतो. इंजिन बटणाने सुरू होणारे असेल तर त्या क्षणी बॅटरीचा दाब खाली जातो आणि पडदा बंद पडून पुन्हा सुरू होतो; म्हणून यंत्रासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवणे बरे. ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनाच्या आणि व्हीएचएफ रेडिओच्या वायरींपासून दूर न्यावी, अन्यथा पडद्यावर ठिपक्यांची पावसासारखी गर्दी होते.

आता होडी पाण्यात आहे आणि पडदा सुरू झाला आहे. पहिले काम मासे शोधण्याचे नसून खोली पडताळण्याचे आहे. शांत पाण्यात उभे राहून शिसे बांधलेली दोरी तळापर्यंत सोडायची आणि तिचे माप पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायचे. यंत्र आपल्या तोंडापासून खोली मोजते, पृष्ठभागापासून नव्हे, त्यामुळे जो फरक येतो तो सेटिंगमध्ये भरून टाकता येतो. आपल्याकडचे जुने तांडेल खोली वावेत सांगतात आणि एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर. बहुतेक यंत्रांत मीटरऐवजी फॅदम निवडण्याची सोय असते. फॅदम म्हणजे जवळपास वावच, त्यामुळे ज्याच्या डोक्यात सारा समुद्र वावेने मोजलेला आहे त्याने मीटरच्या आकड्यांशी झगडण्याचे काही कारण नाही.

पडद्यावर चित्र उजवीकडून डावीकडे सरकते. उजवी कड म्हणजे हा क्षण, आणि डावीकडे दिसते ते सारे मागे पडलेले, वेळेने मागचे. हे नीट समजले नाही तर पुढची सगळी समजूत चुकते. होडी नांगरून उभी असली तरी चित्र सरकतच राहते. अशा वेळी एकाच खोलीवर लांबच लांब रेघ उमटली तर तो माशांचा थवा असेलच असे नाही, खाली स्थिर राहिलेला एकच मासा किंवा नांगराची दोरीही ती रेघ काढू शकते. चालत्या होडीखाली मासा आला तर कमान उमटते, कारण ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरतो; त्या शंकूच्या कडेला असताना मासा यंत्रापासून जरा लांब असतो, मध्ये आला की जवळ येतो आणि दुसऱ्या कडेला जाताना पुन्हा लांब जातो. कमानीची लांबी मासा शंकूत किती वेळ होता ते सांगते. माशाच्या आकाराचा थोडाफार अंदाज येतो तो रंगाच्या गडदपणावरून आणि रेघेच्या जाडीवरून, आणि तोही पिशवी असलेल्या माशांपुरताच.

शंकू किती रुंद असेल हे ध्वनीच्या वारंवारितेवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर, आणि चकतीच्या आकारावर अवलंबून असते. २०० किलोहर्ट्झचा शंकू २० अंशांचा धरला, तर १० मीटर खोलीवर तो सुमारे साडेतीन मीटर आणि ३० मीटरवर साडेदहा मीटर रुंदीची जागा पाहतो. ५० किलोहर्ट्झचा शंकू बराच रुंद असतो आणि खोल पाण्यात पोहोचतो, परंतु त्याचे चित्र ढोबळ येते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झच उपयोगाचे. चर्प नावाची पद्धत एकाच वारंवारितेऐवजी वारंवारितांचा एक पट्टा वापरते आणि त्यामुळे जवळजवळ असलेले दोन मासे तिला वेगळे ओळखता येतात.

सेटिंगमध्ये प्रतिध्वनीच्या जागी माशांची चित्रे दाखवणारी सोय असते. ती बंद ठेवावी. यंत्राला मासा आणि तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी यांतला फरक कळत नाही, ते दोघांच्याही जागी हौसेने मासा काढते. संवेदनशीलता आधी आपोआप ठरू द्यावी आणि मग थोडी थोडी वाढवत, ठिपक्यांची गर्दी होऊ लागली की एक पायरी मागे यावे. तळाची रेघ जाड असून तिच्याखाली दुप्पट खोलीवर तिचीच पुसट नक्कल दिसत असेल तर तळ कठीण आहे. चिखलावर अशी नक्कल सहसा दिसत नाही. तांबोशी आणि गोबऱ्यासाठी गळ टाकणारा माणूस हीच खडपाची नक्कल शोधत असतो. तिथे एक मर्यादा आड येते : शंकूत जो भाग सर्वांत उंच असेल त्याचा प्रतिध्वनी आधी येतो, म्हणून खडकाच्या कुशीत किंवा कपारीत बसलेला मासा तळाच्या रेघेतच बुडून जातो. पडदा रिकामा म्हणून खडप रिकामे, असे समजणे चुकीचे आहे.

यंत्र खाली पाहते, पुढे पाहत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने मालवण बंदरात शिरताना पाण्याखालचे खडक आणि देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी जागा बदलणारे वाळूचे दांडे हे दोन्ही पडद्यावर दिसतात ते होडी त्यांच्यावर आल्यानंतरच. उथळ पाण्याचा इशारा लावून ठेवला तरी वेग कमी नसेल तर तो उशिरा वाजतो. दिसणारी खोली त्या घडीच्या पाण्याची असते, आणि भरतीला मोकळी असलेली वाट उधाणाच्या ओहोटीला बंद होते. जीपीएसवर जागेची नोंद करताना सोबत खोली, तारीख आणि भरतीची वेळ लिहून ठेवली तरच ती नोंद पुढे कामाला येते.

हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मिळणाऱ्या संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचनेत दिशा आणि अंतराबरोबर खोलीही दिलेली असते. ही सूचना उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर आधारलेली असते. पृष्ठभागाखाली काय आहे ते उपग्रहाला दिसत नाही आणि ढगाळ हवेत तर पृष्ठभागही दिसत नाही. सूचनेतल्या जागेवर गेल्यावर पुढचा शोध फिशफाइंडरच घेतो. बांगडा किंवा तारलीचा थवा दिवसा सहसा दाट ढगासारखा दिसतो, रात्री तो अनेकदा विरळ होतो, आणि त्याच वेळी वर येणाऱ्या सूक्ष्म जीवांचा थर पाण्याच्या मध्यावर धुरकट पट्टा काढतो. त्या पट्ट्यावर जाळे टाकणारे कमी नाहीत. शेजारच्या होडीवरही त्याच वारंवारितेचे यंत्र चालू असेल तर पडद्यावर तिरक्या तुटक रेघा उमटतात. त्या मासे नसतात, दोन यंत्रे एकमेकांना ऐकत असतात.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात पडदा घरी न्यावा, जोडाची तोंडे गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत आणि त्यांवर टोप्या बसवाव्यात. यंत्र बिघडले म्हणून दुरुस्तीला आणले जाते तेव्हा पुष्कळदा दोष असतो तो फक्त ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर वाढलेल्या शेवाळाचा आणि चिकटलेल्या शिंपल्यांचा. ते पाण्यात भिजवून नखाने किंवा लाकडी चपट्या पट्टीने काढायचे, कारण पात्याने खरवडलेले तोंड पुन्हा सपाट होत नाही. तळाला लावायचा रंग तोंडावर लावायचाच असेल तर तो पाण्यात विरघळणारा, ट्रान्सड्यूसरसाठी चालणारा हवा. थिनर असलेला रंग प्लॅस्टिक खातो. उरलेली वायर कापून लहान करण्याचा मोह होतो, तो टाळावा आणि वायरीचे सैल वेटोळे करून ती बांधून ठेवावी. कापून जोडलेल्या वायरीतून समुद्राची ओल आत शिरते, आणि त्या सांध्यातून येणारा गोंगाट पडद्यावर अगदी माशांसारखाच दिसतो.