लिंबं गेली, कसिनो आला

समोर समुद्रात घुसलेला हा खडक दिसतोय ना, वर राजवाडा आणि खाली यॉट्सची नुसती गर्दी, हे मोनॅको. अख्खा देश जेमतेम २ चौरस किलोमीटर. १२९७ साली फ्रांस्वा ग्रिमाल्दी नावाचा एक गडी साधूचा झगा घालून किल्ल्याच्या दारात आला, दार उघडलं, झग्याखालनं तलवार निघाली आणि काम तमाम. लोकांनी त्याचं नाव ठेवलं मालिझिया, म्हणजे कावेबाज. चार वर्षांत किल्ला गेलाही म्हणा, पण घराणं चिवट, परत आलं, आणि राजचिन्हावर अजून तलवारी घेतलेले दोन साधू आहेत, लपवाछपवी काही नाही.

पण खरी गंमत १९व्या शतकात झाली. तेव्हा मोनॅको बरंच मोठं होतं, शेजारची माँतों आणि रोकब्रून ही गावं त्यातच. तिथे लिंबं आणि ऑलिव्ह. राजाकडे दुसरं उत्पन्न नाही, मग लिंबांवर कर, तेलावर कर, आणि पाव तर सरकारच्या मक्त्याचाच घ्यायचा. १८४८ला दोन्ही गावं वैतागून फुटली, आणि १८६१ला राजा तिसरा शार्ल याने ४१ लाख फ्रँक घेऊन ती फ्रान्सला देऊन टाकली. देशाचा जवळपास ९५ टक्के भाग गेला, हातात राहिला खडक.

आता खायचं काय? १८६३ला फ्रांस्वा ब्लाँ हा जुगारातला मुरलेला माणूस आला, त्याने एका ओसाड टेकाडावर कसिनो असा काही चालवला की १८६६ला त्या टेकाडाला राजाचंच नाव दिलं, माँटे कार्लो, म्हणजे शार्लचा डोंगर. १८६८ला रेल्वे आली, श्रीमंत मंडळी उतरायला लागली, आणि १८६९ला राजाने प्रजेचा कर माफच केला. मात्र स्थानिकांना कसिनोत खेळायला बंदी, पैसे उडवायचे ते पाहुण्यांनी.

१९६२ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल भडकले, फ्रेंच लोक टॅक्स चुकवायला इथे येऊन राहतात म्हणून, सीमेवर कस्टमवाले उभे केले आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. शेवटी तिथे राहणाऱ्या बहुतेक फ्रेंचांना फ्रान्सचा टॅक्स लागू झाला. मोनॅकोच्या नागरिकांना इन्कम टॅक्स आजही शून्य.

आणि माँतों? ट्रेनने थोड्याच वेळात येतं. फेब्रुवारीत तिथे लिंबांचा उत्सव असतो, लिंबासंत्र्यांचे भलेमोठे पुतळे उभे करतात. करापायी फुटलेलं गाव, टॅक्स भरतं फ्रान्सला.