परतीची वाट असलेला संगणक

मंडळी, संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून विंडोज ठेवावं, फुकट मिळणारं लिनक्स टाकावं की सरळ ॲपलचा मॅकच घ्यावा, हा प्रश्न बहुतेक वेळा वेग आणि किंमत यांवरून विचारला जातो. मी आज तो दुसऱ्या बाजूने मांडणार आहे. रोजच्या कामाला तिन्ही पुरेशा स्थिर आहेत. त्यांच्यातला खरा फरक कळतो तो एखादा अपडेट फसतो त्या सकाळी. कालच्या चालू अवस्थेत परत जाता येतं का, किती वेळात, आणि ते आपलं आपल्याला जमतं की मशीन दुकानात न्यावं लागतं, यावर सिस्टिम पारखावी असं माझं मत आहे.

19 जुलै 2024 चा शुक्रवार घ्या. आपल्या घड्याळात सकाळचे 9 वाजून 39 मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने एक छोटी फाइल जगभर पाठवली. दीड तासाच्या आत ती मागे घेतली. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, 85 लाख विंडोज मशीनना तिचा फटका बसला होता. निळा स्क्रीन, रिस्टार्ट, पुन्हा निळा स्क्रीन. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

असं का झालं, ते नीट समजून घेऊ. साधा प्रोग्रॅम चुकला तर विंडोज तेवढाच बंद करतं आणि बाकीचं काम चालू राहतं. हे सॉफ्टवेअर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हर (गाभ्याशी थेट जोडलेला प्रोग्रॅम) म्हणून बसतं. गाभ्यातला भाग चुकीच्या जागची मेमरी वाचायला गेला की पुढे चालत राहणं धोक्याचं, म्हणून अख्खं मशीन थांबवलं जातं. त्यात हा ड्रायव्हर मशीन सुरू होतानाच लोड होतो, त्यामुळे दर रिस्टार्टला तीच ठेच.

उपाय सोपा होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भाग चालू करणाऱ्या अवस्थेत, जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ती एक फाइल काढायची, रिस्टार्ट करायचं. काही मिनिटांचं काम. तरीही पुष्कळ मशीन कितीतरी वेळ पडून राहिली, कारण डिस्कवर बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं, कुलूप होतं आणि ते उघडायला 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती कुणाच्या हाताशी नव्हती.

हे फक्त कंपन्यांपुरतं आहे असं समजू नका. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनला मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बहुतेक लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागतं, होम एडिशनवरसुद्धा. पुढे कधीतरी बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट झाला, किंवा कुणी त्यातली सिक्युअर बूट ही सुरक्षा बंद केली, की स्क्रीनवर त्या की ची मागणी येते. ती नसेल तर फोटो, हिशेब, सगळं गेलं. म्हणून आज घरी गेल्यावर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून ती की छापून घ्या आणि घरच्या कागदपत्रांत ठेवा. त्याच लॅपटॉपवर ठेवून काही उपयोग नाही.

विंडोजवर परतीची दुसरी वाट म्हणजे सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे सिस्टिम आधीच्या तारखेच्या अवस्थेत नेण्याची सोय. अनेक मशीनवर ते मुळातच बंद असतं! स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगरमध्ये जाऊन चालू करा. डिस्कची पाच टक्के जागा दिली तरी काम भागतं. आणि मशीन वरचेवर अडतंय, पण कशाने ते कळत नाही, तेव्हा ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधून उघडा. दिवसवार तक्ता दिसतो. कुठल्या तारखेला कुठला अपडेट आला आणि लाल फुल्या कधीपासून सुरू झाल्या, ते एका नजरेत कळतं. इतकी उपयोगी सोय इतकी लपवून ठेवावी, याचं मला वाईट वाटतं.

मॅकला त्या शुक्रवारी काही झालं नाही. 2019 च्या कॅटालिनापासून ॲपलने अशा सॉफ्टवेअरला कर्नलच्या बाहेर काढायला सुरुवात केली आणि 2020 च्या बिग सरपासून सिस्टिमचा भाग सीलबंद केला. पण एकदा पुढच्या आवृत्तीवर गेलात की मागची हवी असल्यास डिस्क पुसावी लागते. म्हणून तिथे टाइम मशीन या मॅकमधल्याच प्रोग्रॅमचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवाच. आजच्या मॅकबुकमध्ये एसएसडी (चिपची वेगवान डिस्क) बोर्डवरच जोडलेली असते, ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फॉरमॅटमधली डिस्क मॅकला लावली तर फाइल वाचता येतात, लिहिता येत नाहीत. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

लिनक्समध्ये परतीची वाट मला सगळ्यात मोकळी वाटते. नवा कर्नल आला तरी जुना डिस्कवर राहतो. अपडेटनंतर स्क्रीन काळा राहिला (एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर हे घडतं), की सुरू होताना एस्केप दाबायचं, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरायचं, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागचा कर्नल निवडायचा. दोन मिनिटांत मशीन हातात येतं. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका लोकप्रिय प्रकारात टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅमही असतो. तो सिस्टिमची प्रत ठेवतो आणि मशीन उठलंच नाही तर पेनड्राइव्हवरून बूट करून ती परत बसवता येते. तुमच्या फाइल मात्र तो धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी लॅपटॉप अडले आहेत. अशा मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी टाका. ‘सिस्टिम स्लो आहे’ ही तक्रार पुष्कळदा डिस्कचीच असते. 4 जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी चालते.

मात्र टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दुकान चालत असेल तर विंडोज सोडू नका. कॅननचा एलबीपी 2900 प्रिंटर टेबलावर असेल तरी थांबा. तो कॅप्ट नावाच्या वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो बसवताना भलेभले थकतात.

दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांना हमखास दोन अडचणी येतात. विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ दिलं की हे थांबतं. दुसरी, विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) लिनक्समध्ये नुसतं वाचता येतं. याचं मूळ फास्ट स्टार्टअपमध्ये आहे: शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढा.

आणि बदलण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, डिस्कला हात लावायची गरज नाही. वायफाय जोडा, आवाज ऐका, एक पान छापा, झाकण मिटून उघडा आणि मशीन जागं होतं का पाहा. मग मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडून ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहा. शिफ्ट धरून जे, नंतर डी, मग तिरकी रेघ. एवढ्यावर ‘ऱ्या’मधला अर्धा र नीट वळला, तर तुमची पत्रं आणि अर्ज तिथे निर्धास्त लिहिता येतील.