बाळाची बारीक नस आणि न केलेली रक्ततपासणी

(ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात पालक आणि बालवाडी शिक्षिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

तीन-चार महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर ठरवत नाही आणि त्याचे डोळे सारखे भिरभिरत राहतात, तेव्हा ‘लागेल हळूहळू बघायला’ असा धीर कळव्यापासून घोडबंदरपर्यंत प्रत्येक घरातली आजी देते. तो पुष्कळदा खराही ठरतो; परंतु थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासल्याखेरीज त्यावर विसंबणे योग्य नाही.

पडद्यावरचे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन जिथून मेंदूकडे निघतात, ती जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीची जागा म्हणजे ऑप्टिक डिस्क. हे तंतू जन्मतःच कमी असले की डिस्क लहान राहते. डिस्कच्या जन्मजात दोषांत हा सर्वांत जास्त आढळतो. पालकांना ‘नस बारीक आहे’ असे सांगितले जाते, ते याविषयीच. अशा डिस्कभोवती बहुधा एक फिकट कडे असते, आणि घाईने पाहणारा त्या कड्यालाच डिस्कची कड समजून ‘डिस्क नॉर्मल’ असे लिहून मोकळा होतो.

माझा आग्रह आहे तो यापुढच्या पायरीसाठी. यांपैकी अनेक मुलांत मेंदूच्या मध्यरेषेतील रचना आणि वाढीसह अनेक संप्रेरकांवर ताबा ठेवणारी, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी यांतही दोष असतो. जन्मानंतर साखर वारंवार उतरली होती का, कावीळ लांबली होती का, उंची वाढते आहे का, हे प्रश्न नेत्रतज्ज्ञाने विचारलेच पाहिजेत आणि एमआरआयबरोबर संप्रेरकांच्या रक्ततपासण्यांसाठी मूल बालरोगतज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे. कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी असलेल्या मुलाला साधा तापही जिवावर बेतू शकतो, कारण आजारपणात शरीराला लागणारे जादा कॉर्टिसॉल त्याच्याजवळ नसते. निदान आधी झालेले असेल, तर तापात औषधाची मात्रा वाढवून हे टाळता येते. पहिली तपासणी निर्दोष आली म्हणून फाईल बंद करू नये, कारण काही संप्रेरकांची उणीव पुढे काही वर्षांनीही दिसू लागते. अंगणवाडीतील वजन-उंचीचा तक्ता इथे फार उपयोगी पडतो, तो मात्र डोळ्याच्या दवाखान्यात कोणी घेऊन येत नाही.

इतर दोषांतही नजर डोळ्यापलीकडे न्यावी लागते. गर्भावस्थेच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात डोळ्याच्या खालच्या बाजूची फट नीट मिटली नाही, तर कोलोबोमा होतो. त्याच्या जोडीला मूत्रपिंड, हृदय वा कान यांचे दोष असू शकतात. मॉर्निंग ग्लोरी डिस्कमध्ये, म्हणजे डिस्क त्या नावाच्या फुलासारखी नरसाळ्याच्या आकाराची खोलगट असते तेव्हा, मेंदूच्या रक्तवाहिन्या पाहाव्या लागतात. शिवाय अशा मुलाच्या नाकातील फुगवटा कवटीच्या तळातून खाली उतरलेला मेंदूचा भागही असू शकतो, म्हणून एमआरआयआधी त्याला हात लावू नये. ड्रुसेनची, म्हणजे डिस्कमध्ये साचलेल्या कणांची, गोष्ट उलटी आहे. तिथे नसेला सूज आल्यासारखे दिसते आणि घबराट उडते, मात्र डोळ्याच्या सोनोग्राफीत कॅल्शियमचे कण दिसले की पुष्कळदा उलगडा होतो.

नस वाढवणारे औषध आज नाही. स्टेम सेलच्या जाहिरातींमागे लागून पैसे घालवू नयेत. मात्र एकाच डोळ्यात दोष असेल, तर त्यावर त्या डोळ्याच्या आळशीपणाचीही (मेंदू तो डोळा कमी वापरू लागतो) भर पडलेली असते, आणि तेवढा भाग चष्मा लावून, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून सुधारू शकतो. म्हणून काही महिने पट्टी करून पाहावी, शिक्षिकांनी त्या काळात मुलाला फळ्याजवळ बसवावे, आणि तरीही फरक पडला नाही, तर ती निःसंकोच थांबवावी.