पीचच्या फुलांचा पंखा

चीनमधील नानजिंग शहरातून वाहणाऱ्या छिनह्वाई नदीच्या एका काठावर सरकारी अधिकारी निवडणाऱ्या राजपरीक्षेचे भव्य आवार होते आणि समोरच्या काठावर कलावंतिणींच्या माड्या. परीक्षेला आलेले तरुण पंडित आणि काव्य-गायनात मुरलेल्या त्या स्त्रिया यांच्यामध्ये अंतर होते ते एका नदीपात्राचे.

होऊ फांगयू हा असाच एक नामवंत पंडित, आणि ली श्यांगजुन ही त्या माड्यांमधली गणिका. दोघेही इतिहासातले. कन्फ्यूशियसच्या वंशातील ६४व्या पिढीचा खोंग शांगरन याने त्यांच्यावर लिहिलेले ‘पीचच्या फुलांचा पंखा’ हे नाटक १६९९ साली पूर्ण केले. नाटकात प्रेमाची खूण म्हणून होऊ श्यांगजुनला एक पंखा देतो आणि त्यावर स्वतःच्या हाताने कविता लिहितो.

दुसऱ्या दिवशी उलगडा होतो की, तिच्या वस्त्रालंकारांचा खर्च रुआन दाचंग या बदनाम राजकारण्याने होऊला वश करून घेण्यासाठी केला आहे. पंडित डळमळतो, श्यांगजुन मात्र केसांतले दागिने आणि अंगावरची भरजरी वस्त्रे उतरवून फेकून देते. नाटकाचा कणा कोण आहे, हे तेथेच कळून चुकते.

१६४४ साली बीजिंग पडले, मिंग घराण्याच्या सम्राटाने आत्महत्या केली आणि नानजिंगला उरलेल्या दरबारात रुआनचीच चलती झाली. होऊला पळून जावे लागले. एका बड्या अधिकाऱ्यासाठी श्यांगजुनला बळजबरीने नेऊ लागले, तेव्हा तिने जमिनीवर डोके आपटून घेतले आणि रक्ताचे शिंतोडे पंख्यावर उडाले. तिच्या जागी तिच्या मानलेल्या आईला पाठवणी स्वीकारावी लागली. पुढे यांग नावाचा चित्रकार स्नेही तो डागाळलेला पंखा पाहतो, कुंडीतल्या रोपांची पाने खुडतो, ती पिळून हिरवा रस काढतो आणि त्या डागांना देठ-पाने जोडून पीचची फांदी रंगवतो. पत्राऐवजी हाच पंखा श्यांगजुन होऊकडे धाडते.

१६४५ मध्ये उत्तरेकडून आलेल्या मांचू सैन्याने नानजिंगही घेतले. त्यानंतर डोंगरावरच्या एका ताओपंथी मठात दोघांची गाठ पडते, पंखा बाहेर निघतो, विरहाच्या गोष्टी सुरू होतात. एवढ्यात मठातला साधू तो पंखा हिसकावून फाडतो आणि विचारतो की देश, घर, राजा, पिता यांतले काहीच उरले नसताना तुम्हाला एवढे एक प्रेम तेवढे तोडता येत नाही का? दोघेही संन्यास घेतात, आणि तोही वेगवेगळ्या वाटांनी.

हा शेवट सर्वांच्या पचनी पडला नाही. खोंगच्याच गू त्साय या मित्राने प्रेमिकांचे मीलन घडवणारे दुसरे नाटक लिहिले. खऱ्या होऊची वाट मात्र या दोन्ही शेवटांपेक्षा निराळी होती: १६५१ साली तो मांचूंच्या नव्या राजवटीच्या परीक्षेला बसला.