शाळा सोडल्याचे कारण

(दृश्य : पडवी, वाशाला टांगलेला रुळाचा तुकडा)

हा रेल्वेच्या रुळाचा तुकडा म्हणजे या शाळेची घंटा. टोल द्यायचा लोखंडी दांडा कुणीतरी काढून नेला, रूळ तेवढा राहिला.

रत्नागिरी जिल्ह्यातली ही एक वाडी. शाळेला जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत दोन वर्ग. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. ही शाळा त्याआधीची, लोकल बोर्डाच्या काळातली. जागा वाडीतल्याच एका घराने दिली. चिरे गावकऱ्यांनी डोक्यावरून वाहून आणले. उरलेला खर्च मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींतून भागला.

पुढे चाकरमान्यांची बिऱ्हाडंच मुंबईला गेली. राहिलेल्यांच्या मुलांसाठी इंग्रजी शाळेची गाडी फाट्यावर येऊ लागली. पट चारवर आला आणि शाळा बंद झाली. असं राज्यभर झालं. २०१७ साली सरकारने एकाच निर्णयात दहापेक्षा कमी पटाच्या १३००हून अधिक शाळा जवळच्या शाळांत विलीन करायचं ठरवलं.

मुलांचं समायोजन होतं, गुरुजींचंही होतं. इमारत तिथेच राहते.

कोकणातली कौलारू वास्तू माणसाच्या वावरावर टिकते. दरवर्षी पावसाआधी कौलं परतावी लागतात. वानराने एक कौल सरकवलं आणि ते कुणी बसवलं नाही, की पाणी वाशात मुरतं. वासा कुजतो, वाळवी चढते. मातीत रचलेल्या चिऱ्यांमधली माती धुपते आणि भिंतीला पोट येतं. मग 'धोकादायक' असा शेरा पडतो आणि निर्लेखनाचा प्रस्ताव निघतो. म्हणजे इमारत दप्तरातून कमी करायची, पाडायची, लाकूड-कौलांचा लिलाव करायचा.

(दृश्य : जुनं रजिस्टर, पानं उलटणारा हात)

शाळेचं दप्तर आता केंद्रशाळेच्या कपाटात आहे. जनरल रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, 'शाळा सोडल्याचे कारण'. फिकट निळी शाई, अक्षर वळणदार. 'मुंबईस गेला.' खाली पुन्हा 'मुंबईस गेला.' मध्येच एका मुलीच्या नावापुढे, 'घरकामासाठी'. त्या एका शब्दावर आमचा कॅमेरा बराच वेळ थांबला.

अशा नोंदींचं मोल महाराष्ट्राला ठाऊक आहे. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल आहे. २०१७पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं, मोडीतलीसुद्धा, पुन्हा उघडली गेली.

कागद कपाटात तरी आहे. भिंतींना तेवढाही आसरा नाही. वारसा म्हटलं की आपल्याला किल्ले आणि वाडे आठवतात. पण ज्या खोलीत वाडीतल्या मुलींनी पहिल्यांदा पाटीवर आपलं नाव लिहिलं, ती खोलीही वारसाच आहे. निर्लेखनाच्या कागदावर सही होण्याआधी निदान मोजमापं घ्यावीत, फोटो काढावेत आणि ग्रामसभेला विचारावं की वाचनालय करता का, अंगणवाडी भरवता का.

(दृश्य : छपरावर माणसं)

या वाडीत विचारायची वाट कुणी पाहिली नाही. मे महिन्यात चाकरमानी गावी आले, तेव्हा चौघे छपरावर चढले. फुटकी कौलं उतरवली, पडवीत रचून ठेवलेली जुनी कौलं त्या जागी बसवली. खाली उभी राहून एक आजी त्यांना सांगत होती, "तिसरीच्या वर्गावर नीट बघा रे, तिथंच गळायचं."