जमीन सांगेल

अध्यक्ष महाशय, वाचनालयाचे कार्यकर्ते, आणि हरभऱ्याच्या सोंगणीतून वेळ काढून इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘अन्याय करणारा मोकळा सुटतो तेव्हा : इस्लामी श्रद्धेतील दिलासा’ असा छापलेला आहे. हा विषय मी स्वतः मागून घेतला. ज्यांच्या घरी नमाज होत नाही त्यांनाही तो परका वाटणार नाही, कारण कापूस आपण सगळ्यांनीच विकला आहे आणि माझी गोष्ट कापसापासूनच सुरू होते.

१९७० सालचा हिवाळा होता. सगळा कापूस सरकारनेच विकत घेण्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना यायला अजून दोन वर्षे होती, त्यामुळे आमच्याकडचा माल खाजगी अडत्याच्या आवारातच जात असे. अब्बांची सात एकर कोरडवाहू जमीन होती आणि त्या वर्षी पऱ्हाटी चांगली साधली होती. अम्मा आणि माझ्या दोन फुप्पी, म्हणजे आत्या, दिवाळीपासून वेचा करत होत्या. बोंडाच्या टोकांनी अम्माची बोटे इतकी सोलून निघत की रात्री भाकरी थापताना ती मधूनच हात पाण्यात बुडवून ठेवायची. शेजारच्या काकांकडचा काटा आणून अब्बांनी घरीच माल तोलला. आठ क्विंटल भरला. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन बंड्या जुंपल्या आणि मी नऊ वर्षांचा मुलगा हट्ट करून सोबत गेलो.

अडत्याच्या आवारात लाकडी तिकाटण्याला मोठा तराजू टांगलेला असे. एका पारड्यात कापसाचे गाठोडे, दुसऱ्यात चाळीस किलोची वजने, आणि मापारी सुरात तोल मोजत असे. पहिल्या तोलाला तो ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचा, हे माझ्या फार लक्षात आहे. मी पारड्याशेजारी उकिडवा बसून सांडलेला कापूस गोळा करत होतो. गाठोडे चढले, वजनांचे पारडे वर उचलले गेले, आणि माझी नजर त्याच्या बुडाकडे गेली. तिथे डांबराने चिकटवलेली शिशाची चपटी वडी होती, मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी आणि बोटभर जाड. मी अब्बांना ओरडून सांगितले. समोर गुडघ्यावर बसलेल्या हमालाने माझ्याकडे पाहिले, मग पारड्याकडे पाहिले, आणि मान खाली घातली.

अब्बांनी पारडे उलटे करून दाखवा म्हटले. अडत्या शांतपणे म्हणाला, “पटत नसेल तर माल परत न्या.” बैल थकलेले, दिवस कलता, सोसायटीचा हप्ता तोंडावर आलेला. अब्बांनी पावती घेतली. पावतीवर सात क्विंटल पंचाहत्तर किलो होते. तोलामागे सव्वा किलो, असे एकोणीस-वीस तोल. हा हिशेब मी पुढे गणित शिकल्यावर शेकडो वेळा केला आहे.

तो माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा होता हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले की ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक खूश होतात, निम्मे खाली मान घालतात, आणि पारड्याखालची वडी बाजूलाच राहते.

अब्बांनी गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला आणि तालुक्याला दिला. तीन आठवड्यांनी निरीक्षक आले. तोवर पारडे बदललेले होते. हमालाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मी ओझं उचलतो. पारड्याखाली पाहणं माझं काम नाही.” मलाही कोणी तरी पुढे ढकलले, पण नऊ वर्षांच्या पोराच्या शब्दावर पंचनामा होत नसतो. दोन महिन्यांनी पत्र आले : ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ म्हणजे फाइल बंद.

पंचवीस किलो कापसाचे पैसे एक-दोन हंगामांत भरून निघाले. ‘तथ्य आढळून आले नाही’ हे चार शब्द मात्र आमच्या घरात राहायला आले. नुकसान सोसणे एक, आणि नुकसान झालेच नाही असे शिक्क्यानिशी ऐकून घेणे वेगळे, हे मला त्या वयात कळले. मी पाहिले होते, आणि कागद सांगत होता की मी पाहिले नव्हते.

आणि त्या अडत्याचे पुढे काय झाले? काही झाले नाही. तो पिकल्या वयाचा होऊन, नातवंडांच्या हातून पाणी पिऊन, अंथरुणावर शांतपणे गेला. देवाच्या काठीला आवाज नसतो असे आपण म्हणतो; ती काठी त्याच्या पाठीवर पडलेली मी पाहिली नाही. अन्याय करणाऱ्याचा वंश बुडतो, घराला आग लागते, अशा गोष्टी सांगणाऱ्यांशी माझे फार जुने भांडण आहे. त्यांच्या गोष्टी ऐकून ज्याचा अपराधी सुखात मेला तो मनात म्हणतो, म्हणजे माझाच दावा खोटा असेल. दिलासा द्यायला निघालेली गोष्ट त्या बिचाऱ्याला दुसऱ्यांदा लुटते.

पत्र आले त्या रात्री इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजनंतर अब्बा बराच वेळ चटईवर बसून होते. त्यांना अरबी येत नव्हती. कुरआनच्या शेवटच्या पाऱ्यातल्या, म्हणजे भागातल्या, लहान सूरा, म्हणजे अध्याय, पाठ होत्या, आणि त्यांतल्या काहींचा अर्थ मशिदीतल्या मौलवी साहेबांनी समजावून दिलेला होता. त्यांनी मला जवळ बसवून सूरह जिलजाल म्हणून दाखवली. कुरआनातली ही नव्व्याण्णवावी सूरा, अवघ्या आठ आयतींची, म्हणजे वचनांची. तिच्यात शेवटच्या दिवशी जमीन हादरते, पोटातले ओझे बाहेर टाकते, माणूस घाबरून विचारतो की हिला झाले तरी काय, आणि त्या दिवशी जमीन स्वतः आपल्या सगळ्या बातम्या सांगते. कणभर भले करणाऱ्याला ते दिसेल, कणभर वाईट करणाऱ्यालाही ते दिसेल, असे सांगून सूरा संपते. अब्बा एवढेच म्हणाले, “जमीन बोलेगी, बेटा. वो आवार की जमीन भी बोलेगी.”

मित्रहो, त्या रात्री मला गाढ झोप लागली. अडत्याला नरकात घालणार म्हणून मला बरे वाटले नव्हते. नरक काय असतो ते नीट समजण्याचे माझे वय नव्हते. बरे वाटले ते एवढ्यासाठी की माझ्या बाजूने कोणी तरी साक्ष देणार होते. पुढे कुरआन अर्थासह वाचला, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटत गेली. सूरह यासीनमध्ये आहे की त्या दिवशी तोंडांवर मोहर लागेल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. आपल्याकडे साक्षीदार फितूर होतात. तिथे आरोपीचा स्वतःचा हात साक्षीला उभा राहतो. अल्लाहच्या नावांपैकी ‘अश-शहीद’ या नावाचा अर्थच साक्षी असा आहे. माझ्या मते अन्याय सोसणाऱ्याला इस्लाम सर्वांत आधी शिक्षेचे वचन देत नाही, साक्षीचे देतो. तुझे खरे होते, ते पाहिले गेले आहे, ते नस्तीबद्ध झालेले नाही.

हमालाचे सांगायचे राहिले. तो आमच्याच मोहल्ल्यातला होता. पंधरा-सोळा वर्षांनी, शब-ए-बरातच्या संध्याकाळी, लोक एकमेकांकडे कहा-सुना माफ करून घ्यायला जातात त्या वेळी, तो आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला आणि बसेना. “भाईजान, मैंने देखा था,” एवढेच तो बोलला. अब्बांनी त्याचा हात धरून त्याला बाजेवर बसवले, अम्माला चहा टाकायला सांगितले, आणि चहा होईपर्यंत दोघेही रडत होते. माणसाचा माणसावर जो हक्क असतो तो त्या माणसाने सोडल्याखेरीज सुटत नाही, ही आमच्याकडची शिकवण त्याला सोळा वर्षे टोचत होती. मी अब्बांना विचारले, मग अडत्यालाही माफ केले का? ते म्हणाले, “त्याने मागितली कुठे? मी त्याला शाप दिला नाही, माफही केले नाही. ते तिकडे बोलू.” सूरह शूरामध्ये झाल्याएवढी परतफेड करण्याची मुभा आहे, आणि माफ करणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे आहे असेही आहे. अब्बांनी तो निर्णय पुढे ठेवला होता आणि त्यामुळे त्यांना अडत्याचा द्वेष रोज वाहावा लागला नाही.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि मूळ विषय तर आता सुरू होतो, तेव्हा राहिलेले भरभर सांगतो.

सब्र, म्हणजे धीर धरणे, म्हणजे गप्प बसणे नव्हे; तो समज काढून टाकावा. सूरह निसामध्ये स्पष्ट आहे की वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला तो याला अपवाद आहे. याकूब पैगंबर मुलाच्या दुःखात डोळे पांढरे होईपर्यंत रडले, तरी त्यांचा सब्र सुंदर म्हटला गेला. पैगंबरी मिळण्यापूर्वी मक्केत झालेल्या ‘हिल्फ-उल-फुदूल’ या करारात मुहम्मद पैगंबर सामील होते; येमेनमधून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले गेले होते, आणि पीडित कोणीही असो, त्याच्या पाठीशी उभे राहण्याचे तिथे ठरले. त्या कराराला आजही मला कोणी बोलावले तर मी जाईन, असे ते पुढे म्हणत. तेव्हा अर्ज करा, दाद मागा, अपील करा. आखिरतवर, म्हणजे मरणानंतरच्या न्यायावर, भरवसा ठेवणाऱ्याने तर अधिकच, कारण इथे हरलो तरी दावा खारीज होत नाही हे त्याला ठाऊक असते.

निकालाबद्दलही एक हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आहे. पैगंबर म्हणाले की मीही माणूस आहे. तुमच्यातला एखादा बोलण्यात वाकबगार असतो, मी ऐकतो त्यावर निवाडा देतो, आणि त्यातून कोणाला भावाचा हक्क मिळून गेला तर त्याने आगीचा तुकडा घेतला. खुद्द पैगंबरांच्या निवाड्याने चुकीचे ते बरोबर ठरत नसेल, तर तालुक्याच्या पत्राने कसे ठरेल? शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवणाऱ्यांसाठीही हदीस आहे : वीतभर जमीन बळकावली तर सात जमिनी गळ्यात पडतात. मापात मारणाऱ्यांवर तर ‘मुतफ्फिफीन’ नावाची अख्खी सूराच आहे, घेताना पुरेपूर आणि देताना कमी, अशांचा धिक्कार करूनच ती सुरू होते. आणि सूरह अंबियातल्या तराजूत मोहरीच्या दाण्याएवढे कर्मसुद्धा हजर केले जाते.

आभारप्रदर्शन व्हायचे आहे, म्हणून थांबतो. अब्बा गेल्यावर त्यांच्या कुरआनच्या जुजदानात, म्हणजे कापडी वेष्टनात, ती पावती सापडली. पुढे शाईत सात क्विंटल पंचाहत्तर किलो आहे, मागे त्यांच्या हाताने शिसपेन्सिलीने ८ क्विंटल लिहिलेले आहे. मी ती सोबत आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी ओट्याजवळ यावे. कागद घड्यांवर फाटत चालला आहे, तेवढा जपून हाताळावा.